एकोणसाठावा अहवाल

पेफ्लोक्सासिन, लोमेफ्लोक्सासिन आणि स्पारफ्लोक्सासिन. या तीन प्रतिजैविकांना भारतात विक्रीची परवानगी कशाच्या आधारावर मिळाली, हे तपासण्यासाठी संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे त्यांच्या फायली मागितल्या. फायली सापडत नाहीत, असं मंत्रालयानं कळवलं. समितीनं एकूण ४२ औषधांच्या फायली मागवल्या होत्या. त्यांतल्या नेमक्या याच तीन गहाळ व्हाव्यात, हा निव्वळ योगायोग मानायला समिती तयार नव्हती, कारण तिन्ही औषधं वादग्रस्त होती. त्यांतलं एक अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा कडक नियमनाच्या देशांत कधी बाजारातच आलं नव्हतं. उरलेली दोन तिथं पुढं बंद झाली होती. भारतात मात्र तिन्ही औषधांची विक्री चालू होती.

ही नोंद समितीच्या ५९ व्या अहवालात आहे. ८ मे २०१२ रोजी तो राज्यसभेत सादर झाला आणि लोकसभेच्या पटलावर ठेवला गेला. समितीचे अध्यक्ष होते तेव्हाचे राज्यसभा सदस्य ब्रजेश पाठक. अहवालाचा विषय होता केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेचं, म्हणजे सीडीएससीओचं कामकाज. देशात कोणतंही नवं औषध विकायचं असेल, बाहेरून आणायचं असेल किंवा माणसांवर त्याची चाचणी घ्यायची असेल, तर परवानगी या संघटनेचे प्रमुख देतात. त्यांना औषध महानियंत्रक म्हणतात. आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यात आज जे काही आहे, त्यातलं बहुतेक प्रत्येक नवं औषध कधी ना कधी या कार्यालयाच्या टेबलावरून गेलेलं असतं.

सरकारी अहवाल म्हटला की कंटाळवाणं गद्य डोळ्यांसमोर येतं. हा अहवाल तसा नाही. एका सार्वजनिक संस्थेच्या कारभारात खासदार खोलवर शिरले तर काय काय उजेडात आणू शकतात, याचा तो उत्तम नमुना आहे. आणि त्याचं पुढं काय झालं, हे पाहिलं की संसदेचं बळ नेमकं कुठं संपतं, तेही कळतं. म्हणून तो आज पुन्हा वाचायला हवा.

समितीचं काम कसं चालतं

मंत्रालयांशी निगडित स्थायी समित्या आपल्याकडे १९९३ मध्ये सुरू झाल्या. आधी त्या १७ होत्या, २००४ पासून २४ आहेत. प्रत्येक समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य असतात. मंत्र्याला सदस्य होता येत नाही. आरोग्याची समिती राज्यसभेच्या अखत्यारीत येते. समितीची मुदत फक्त एक वर्षाची असते, मग ती नव्यानं नेमली जाते.

बैठका बंद दाराआड होतात. कॅमेरे नसतात, घोषणा नसतात. सभागृहात एकमेकांवर तुटून पडणारे खासदार इथं एकाच बाजूला बसतात आणि समोर असतो सचिव किंवा संचालक. समिती आधी लेखी प्रश्न पाठवते, कागद मागवते, मग तोंडी साक्षी घेते. मंत्र्याला सहसा बोलावलं जात नाही. अधिकाऱ्यांना मात्र उत्तर द्यावंच लागतं, आणि संसदेच्या समितीला चुकीची माहिती देणं हा विशेषाधिकारभंग ठरू शकतो.

मात्र समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. सरकारनं तीन महिन्यांत काय कारवाई केली ते कळवायचं, समितीनं त्यावर आणखी एक अहवाल द्यायचा, एवढीच तरतूद आहे. कुणाला निलंबित करण्याचा, परवाना रद्द करण्याचा किंवा दंड ठोठावण्याचा अधिकार समितीला नाही. तिच्याकडे एकच मोठा अधिकार आहे: फाईल मागण्याचा. ५९ व्या अहवालाची सगळी ताकद याच एका अधिकारातून आली.

ध्येय कुणाचं

समितीनं सुरुवात संघटनेच्या ध्येयवाक्यापासून केली. औषध उद्योगाच्या आकांक्षा, मागण्या आणि गरजा पूर्ण करणं हे आपलं ध्येय आहे, असं सीडीएससीओनं लिहून ठेवलं होतं. समितीनं त्याच्या शेजारी इतर देशांतल्या औषध नियंत्रकांची ध्येयं मांडली. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सगळीकडे पहिला उल्लेख जनतेच्या आरोग्याच्या रक्षणाचा. आपल्याकडे पहिला मान उद्योगाला.

एखाद्याला वाटेल, वाक्यच तर आहे. पण समितीनं या वाक्यातून संस्थेची मनोवृत्ती ओळखली आणि पुढचा सगळा तपास त्या मनोवृत्तीचा पुरावा म्हणून उभा केला. औषध उद्योगाचा विकास आणि त्याची सोय यांना या संघटनेनं दशकानुदशकं अग्रक्रम दिला आणि सर्वांत मोठा हितसंबंधी, म्हणजे औषध घेणारा माणूस, त्यात कायम मागं राहिला, असा निष्कर्ष समितीनं स्पष्ट शब्दांत नोंदवला.

उद्योगाशी वैर असण्याचं कारण नाही. भारतीय औषध कंपन्यांनी स्वस्त औषधं बनवून जगातल्या गरीब देशांतल्या रुग्णांचे प्राण वाचवले आहेत, ही गोष्ट अभिमानाची आहे. पण उद्योगाच्या पाठीशी उभं राहायला सरकारात इतर खाती आहेत. रुग्णाच्या बाजूनं उभं राहायला फक्त औषध नियंत्रक आहे. तोही उद्योगाच्या बाजूला जाऊन बसला, तर रुग्णाच्या बाजूची खुर्ची रिकामी राहते.

३९ फायलींनी काय सांगितलं

तीन गहाळ फायली वजा जाता ३९ औषधांच्या फायली समितीच्या हाती आल्या. त्या काळच्या नियमांनुसार नवं औषध भारतात आणण्यापूर्वी इथल्या रुग्णांवर तिसऱ्या टप्प्याची चाचणी व्हायला हवी होती. परदेशात आधीच मान्यता मिळालेल्या औषधाच्या बाबतीतसुद्धा किमान १०० रुग्णांवर, तीन-चार ठिकाणच्या रुग्णालयांत ती घ्यायची होती. ३९ पैकी ११ औषधांची अशी चाचणी झालीच नव्हती. दोन औषधांच्या चाचण्या १०० पेक्षा कमी रुग्णांवर उरकल्या होत्या. एका औषधाची चाचणी दोनच रुग्णालयांत झाली होती. १३ औषधं अशी होती, ज्यांना अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, युरोपीय संघ किंवा ऑस्ट्रेलिया यांपैकी कुठंही विक्रीची परवानगी नव्हती, आणि भारतातल्या आजारांसाठी त्यांची खास गरज आहे असंही दिसत नव्हतं. चार औषधांच्या बाबतीत चाचणीही नव्हती आणि तज्ज्ञांचं मतही घेतलेलं नव्हतं.

जानेवारी २००८ ते ऑक्टोबर २०१० या काळात भारतीय रुग्णांवर चाचणी न घेता किती औषधं मान्य केली, असं समितीनं विचारलं. मंत्रालयानं ३१ चा आकडा दिला. समितीनं यादी तपासली, तेव्हा दोन औषधं त्यात धरलेलीच नव्हती. म्हणजे आकडा झाला ३३. सरासरी काढली तर महिन्याला जवळपास एक औषध. मंत्रालयानं दिलेला आकडा समोर ठेवून गप्प न बसणं, तो स्वतः मोजणं आणि चूक दाखवणं, याला छाननी म्हणतात.

या सगळ्यावर संघटनेचं उत्तर होतं की सार्वजनिक हितासाठी चाचणीतून सूट देण्याची नियमात तरतूद आहे. तरतूद होती, हे खरं. पण प्रत्येक औषधाबाबत ते सार्वजनिक हित नेमकं कोणतं, याचा खुलासा फायलीत नव्हता.

इथं अहवालाची दुसरी बाजूही सांगायला हवी. समितीनं नावं घेतलेल्या औषधांत फुप्फुसांच्या दुर्मीळ आणि जीवघेण्या विकारांवरची काही औषधं होती. तिथं १०० रुग्ण जमवणंही कठीण असतं आणि थांबायला रुग्णाकडे वेळ नसतो. लेट्रोझोल या औषधाचं उदाहरण तर आणखी गुंतागुंतीचं आहे. रजोनिवृत्तीनंतरच्या स्तनकर्करोगासाठी असलेल्या या औषधाला वंध्यत्वासाठी दिलेली परवानगी नियम मोडून दिली होती, असं समितीनं म्हटलं. सरकारनं २०११ मध्येच त्या वापरावर बंदी घातली होती. पुढं २०१४ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात काही स्त्रियांच्या वंध्यत्वावर ते गुणकारी असल्याचं दिसलं. त्यामुळे समितीचं म्हणणं खोटं ठरत नाही. औषध पुढं चांगलं निघालं, म्हणून आधी पुरावा न पाहता दिलेली परवानगी योग्य ठरत नाही. नियंत्रकाचं काम नशिबावर सोडण्याचं नाही.

एकाच मजकुराची पत्रं

अहवालातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग तज्ज्ञांच्या पत्रांचा आहे. नव्या औषधाबद्दल नामवंत डॉक्टरांचं मत घ्यायचं, हा प्रघात. समितीनं ती पत्रं फायलीतून काढून शेजारी शेजारी ठेवली. वेगवेगळ्या शहरांतल्या, वेगवेगळ्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनी लिहिलेली पत्रं शब्दन् शब्द सारखी निघाली. ती औषध कंपन्यांच्या अदृश्य हातांनी लिहिली असावीत आणि तज्ज्ञांनी खाली फक्त सही केली असावी, असा संशय समितीनं व्यक्त केला.

ही सोय कशी व्हायची, याचंही एक उदाहरण समितीला मिळालं. अॅसिक्लोफिनॅक आणि ड्रोटाव्हेरिन या दोन औषधांच्या मिश्रणाच्या चाचणीसाठी अर्ज आला होता. १२ फेब्रुवारी २००७ च्या पत्रानं सीडीएससीओच्या एका अधिकाऱ्यानं त्या कंपनीलाच सांगितलं, की तज्ज्ञ तुम्हीच निवडा, त्यांची मतं तुम्हीच घ्या आणि आमच्या कार्यालयात आणून द्या. परीक्षार्थ्यालाच परीक्षक नेमायला सांगण्यासारखा हा प्रकार. औषध उत्पादक, संघटनेतले काही अधिकारी आणि काही वैद्यकीय तज्ज्ञ यांचं संगनमत आहे, असा निष्कर्ष समितीनं काढला आणि चौकशी करून जबाबदारी निश्चित करा, असं सांगितलं.

आणखी एक उदाहरण डीनक्सिट या मनोविकारावरच्या मिश्रणाचं. बनवणारी कंपनी डेन्मार्कची, पण डेन्मार्कमध्येच त्याला परवानगी नाही. भारतात मात्र ते विकलं जात होतं. नवं औषध मान्य करताना ते त्याच्या मूळ देशात विकलं जातं का, हे पाहणं नियमात अपेक्षित होतं. आपला मुलगा, आई, भाऊ यांच्यासाठी औषध लिहून घेणाऱ्या माणसाला हे कळण्याचा कोणताच मार्ग नव्हता. समितीनं विचारलं म्हणून ते छापलं गेलं.

नऊ अधिकारी

समितीनं दोष दाखवले, तशी त्यांची मुळंही शोधली. सीडीएससीओत ३२७ मंजूर पदं होती आणि प्रत्यक्ष माणसं होती १२४. मुख्यालयात महानियंत्रकांच्या हाताखाली चार उपनियंत्रक आणि पाच सहायक नियंत्रक. या नऊ जणांनी वर्षाला सुमारे २०,००० अर्ज हाताळायचे, २०० हून अधिक बैठका करायच्या, संसदेचे ७०० प्रश्न आणि दीडशेच्या आसपास कोर्टकज्जे सांभाळायचे. एवढ्या मोठ्या देशाच्या औषधांची राखण करणाऱ्या कचेरीचं हे मनुष्यबळ.

राज्यांत काय? औषध निर्मितीचे आणि दुकानांचे परवाने राज्यं देतात, कारखान्यांची पाहणी राज्यांचे औषध निरीक्षक करतात. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन म्हणजे एफडीए करतं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीनं २००३ मध्येच हिशेब मांडला होता: दर ५० कारखान्यांमागं एक आणि दर २०० दुकानांमागं एक निरीक्षक हवा. देशभरातले कारखाने आणि दुकानं धरली तर सुमारे ३,२०० निरीक्षक लागतात. मंजूर पदं होती १,३४९ आणि भरलेली ८६५. माशेलकर समितीनं बळकट, स्वतंत्र केंद्रीय औषध प्राधिकरणाचीही शिफारस केली होती. त्याही आधी, १९७५ मध्ये हाथी समितीनं औषध नियमनाच्या दुबळेपणावर बोट ठेवलं होतं. म्हणजे रोग ठाऊक होता, उपचारही लिहून ठेवला होता. तो करायची घाई कुणालाच नव्हती.

रिकामं पद ही कागदावरची बाब वाटते. पण कारखान्यात न गेलेला निरीक्षक, न घेतलेला नमुना आणि न तपासलेली बाटली यांची साखळी त्याच पदापासून सुरू होते.

अहवालानंतर

अहवाल गाजला. सरकारनं काही दिवसांतच तज्ज्ञांची तीन सदस्यांची समिती नेमली. पुढं प्रा. रणजित रॉय चौधरी यांच्या समितीनं २०१३ मध्ये चाचण्या आणि नव्या औषधांच्या मंजुरीसाठी नवी पद्धत सुचवली. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचानं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. त्या खटल्यात सरकारनंच सांगितलं की २००५ ते २०१२ या काळात औषधचाचण्यांदरम्यान २,६४४ माणसं मरण पावली आणि त्यांतले ८० मृत्यू चाचणीमुळे झाले होते. जानेवारी २०१३ मध्ये चाचणीत इजा झालेल्यांच्या भरपाईचे नियम आले. २०१९ मध्ये नवी औषधं आणि वैद्यकीय चाचण्यांचे स्वतंत्र नियम लागू झाले.

मिश्र औषधांच्या बाबतीत अहवालाचा परिणाम सर्वांत लांबवर गेला. दोन-तीन औषधं एका गोळीत घालून बनवलेली मिश्रणं केंद्राची मान्यता न घेता राज्यांच्या परवान्यांवर बाजारात येत होती, हे समितीनं दाखवून दिलं होतं. त्यानंतर १ ऑक्टोबर २०१२ पूर्वी अशा परवान्यांवर आलेल्या मिश्रणांची सुरक्षितता आणि परिणामकारकता सिद्ध करा, असं कंपन्यांना सांगण्यात आलं. सहा हजारांहून अधिक अर्ज आले. बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे कुलगुरू चंद्रकांत कोकाटे यांच्या समितीनं ते तपासले आणि १० मार्च २०१६ रोजी सरकारनं ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. दिल्ली उच्च न्यायालयानं ती रद्द केली, सर्वोच्च न्यायालयानं फेरतपासणी सांगितली. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या माजी अधिष्ठाता डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या उपसमितीनं ती केली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ मिश्रणं बंद झाली. म्हणजे अहवालापासून बारा वर्षांनंतरही बाजारातलं तण उपटणं चालूच होतं.

पण ज्यासाठी अहवालाचा सूर एवढा तापला होता, ती जबाबदारी निश्चित करण्याची गोष्ट मागं पडली. सरकारनं काय केलं, यावर समितीनं २६ एप्रिल २०१३ रोजी ६६ वा अहवाल दिला आणि त्यात नाराजी नोंदवली. नियम सुधारले, समित्या बसल्या, पण एकसारखी पत्रं लिहिणाऱ्यांचं आणि ती स्वीकारणाऱ्यांचं काय झालं, याचं समाधानकारक उत्तर देशाला मिळालं नाही.

खम्ममच्या मुली आणि सर्वोच्च न्यायालय

याच स्थायी समितीनं ३० ऑगस्ट २०१३ रोजी ७२ वा अहवाल दिला. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातच्या वडोदऱ्यात शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणारी एचपीव्ही लस देण्यात आली. प्रकल्प ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेचा होता. मुली दहा ते चौदा वर्षांच्या, त्यांत कित्येक आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. सात मुलींचे मृत्यू झाले, त्यानंतर २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. मृत्यूंचा लसीशी संबंध असल्याचं चौकशीत आढळलं नाही, आणि ही लस जगभरात उपयुक्त ठरली आहे, हे आवर्जून सांगायला हवं. समितीचा आक्षेप संमतीवर होता. आंध्रातल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या. मुलीच्या आईवडिलांच्या जागी वॉर्डननं सही करायची, हे कोणत्याही सुशिक्षित घरातल्या मुलीच्या बाबतीत कुणी चालवून घेतलं असतं का?

या अहवालावरून सर्वोच्च न्यायालयात घटनात्मक प्रश्न उभा राहिला: संसदीय समितीचा अहवाल न्यायालयात आधार म्हणून वापरता येतो का? कल्पना मेहता विरुद्ध भारत सरकार या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ९ मे २०१८ रोजी उत्तर दिलं. सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्या पीठात न्या. अजय खानविलकर आणि न्या. धनंजय चंद्रचूड हे दोन मराठी न्यायमूर्तीही होते. अहवालाची दखल न्यायालय घेऊ शकतं, मात्र त्याच्या वैधतेला तिथं आव्हान देता येत नाही आणि वादातली वस्तुस्थिती स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागते, असं पीठानं ठरवलं. नागरिकांच्या दृष्टीनं हा फार महत्त्वाचा निकाल आहे. सरकारनं बाजूला ठेवलेल्या अहवालाला त्यामुळे दुसरा दरवाजा उघडा झाला.

जे. जे. ते छिंदवाडा

महाराष्ट्रानं औषध नियमनाच्या अपयशाची किंमत फार पूर्वी मोजली आहे. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं. हे कारखान्यांत वापरलं जाणारं द्रावक मूत्रपिंडं निकामी करतं. न्यायमूर्ती बख्तावर लेन्टिन यांच्या आयोगानं रुग्णालयाची औषधखरेदी, एफडीए आणि मंत्रालय यांच्यातले लागेबांधे उघडे केले आणि त्याचे धक्के राज्याच्या मंत्रिमंडळापर्यंत पोहोचले. लेन्टिन आयोग न्यायिक होता, त्याच्या सुनावण्या उघड होत्या, वर्तमानपत्रं रोज त्या छापत होती. लोक वाचत होते, म्हणून सरकारला हलावं लागलं.

आणि तरी तेच विष पुन्हा पुन्हा परत आलं. १९९८ मध्ये दिल्लीच्या परिसरात, २०२० च्या आरंभी जम्मूच्या रामनगर भागात, २०२२ मध्ये भारतातून गेलेल्या सिरपमुळे गांबियात. मग २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात कोल्ड्रिफ हे खोकल्याचं औषध घेतल्यानंतर वीसहून अधिक मुलं दगावली. त्यांतली कित्येक मुलं आपल्या नागपूरच्या रुग्णालयांत उपचारांसाठी आणली होती, आणि काहींनी तिथंच प्राण सोडला. औषध तमिळनाडूच्या कांचीपुरम जिल्ह्यातल्या कारखान्यात बनलं होतं. तमिळनाडूच्या तपासणीत त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. चालू शकणारी मर्यादा आहे ०.१ टक्का.

प्रत्येक वेळी कारखाना बंद होतो, अटका होतात, सर्व राज्यांना पत्रं जातात. केंद्र राज्याकडे बोट दाखवतं, राज्य केंद्राकडे. कच्चा माल तपासला गेला का, कारखान्यात शेवटचा निरीक्षक कधी गेला होता, त्याच्या वाट्याला किती कारखाने होते, हे प्रश्न ५९ व्या अहवालात २०१२ मध्येच विचारले गेले होते. त्यांची उत्तरं वेळेवर घेतली असती, तर छिंदवाड्याच्या घरांत काय झालं असतं, हे कुणीही खात्रीनं सांगू शकणार नाही. पण ती घेतली गेली नाहीत, एवढं मात्र खात्रीनं सांगता येतं.

आपल्या हातात काय आहे

या सगळ्यातून मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. संसदीय समितीची छाननी पुरेशी नसते, पण तिच्याशिवाय काहीच सुरू होत नाही. ५९ वा अहवाल नसता तर एकसारखी पत्रं फायलीतच राहिली असती, ३३ औषधांचा आकडा ३१ च राहिला असता, मिश्र औषधांची झाडाझडती कदाचित सुरूच झाली नसती. अहवाल नोंद करतो. नोंदीला परिणाम मिळवून देणारी शक्ती बाहेरून यावी लागते: वर्तमानपत्रांकडून, न्यायालयाकडून, संघटनांकडून, मतदारांकडून.

पण खुद्द समित्यांची छाननीच सध्या क्षीण होत आहे. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत हे प्रमाण १६ टक्क्यांवर आलं. समित्यांच्या अहवालांवर सभागृहात चर्चा क्वचितच होते. एका वर्षात समिती बदलते आणि विषयाची जाण असलेला सदस्य दुसरीकडे जातो. हे बदलायचं तर समितीची मुदत वाढवायला हवी, सार्वजनिक संस्थांवरच्या अहवालांवर दोन्ही सभागृहांत ठरावीक दिवसांत चर्चा व्हायला हवी आणि शिफारस नाकारणाऱ्या मंत्र्याला ती का नाकारली हे सभागृहात उभं राहून सांगावं लागायला हवं. यांपैकी कशासाठीही घटनादुरुस्ती लागत नाही.

वाचकांना माझी विनंती साधी आहे. समित्यांचे अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर फुकट उपलब्ध असतात, त्यांत सदस्यांची नावं आणि बैठकांची इतिवृत्तं छापलेली असतात. आपले खासदार कोणत्या समितीवर आहेत, ते किती बैठकांना हजर होते आणि त्यांनी काय विचारलं, हे शोधा. पुढच्या वेळी ते गावात, सोसायटीत, मंडळाच्या मांडवात भेटले की रस्ता आणि पाण्याबरोबर त्यांना हेही विचारा: तुमच्या समितीनं दिलेल्या शेवटच्या अहवालाचं सरकारनं काय केलं? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.